फेरेन्त्स मोल्नार : सरळ न सांगता येणाऱ्या गोष्टींचा नाटककार

प्रश्न असा आहे की, हंगेरियन नाटककार आणि कादंबरीकार फेरेन्त्स मोल्नार याचे आयुष्य आणि कारकीर्द कशी होती, आणि त्याला ‘कसबी पण उथळ’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे आहे. मी अनेक वर्षे नाट्यदिग्दर्शन करतो आणि नाट्यलेखन शिकवतो. मोल्नारची नाटके मी इंग्रजी भाषांतरांतून वाचली, विद्यार्थ्यांकडून वाचून घेतली आणि त्यांतले काही प्रवेश उभे करून पाहिले. त्यामुळे माझे उत्तर ग्रंथालयात बसून अभ्यास करणाऱ्याचे नाही, तालमीच्या जागेत काम करणाऱ्याचे आहे. माझे मत आधीच सांगतो. मोल्नार कसबी होता यात शंका नाही, परंतु ते कसब त्याने एकाच गोष्टीमागे खर्च केले. जी गोष्ट माणसाला सरळ शब्दांत सांगता येत नाही, ती तो सोंग घेऊन, खोटे बोलून, प्रसंगी हात उगारूनसुद्धा कशी सांगू पाहतो, हे त्याने पुन्हा पुन्हा लिहिले.

मोल्नारचा जन्म 12 जानेवारी 1878 रोजी बुडापेस्टमधल्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील डॉक्टर होते आणि घराण्याचे आडनाव नॉयमान होते. 1896 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने हे जर्मन आडनाव टाकून मोल्नार हे हंगेरियन आडनाव घेतले. मोल्नार म्हणजे गिरणीवाला, दळण दळणारा. ते वर्ष हंगेरीच्या सहस्राब्दी सोहळ्याचे, म्हणजे हंगेरियन लोक त्या भूमीत आल्याला हजार वर्षे झाल्याच्या उत्सवाचे होते आणि त्या काळात अनेक ज्यू व जर्मन कुटुंबे अशी नावे बदलत होती. ज्या शहरात ट्राम, कॉफीगृहे, वृत्तपत्रे आणि नाटकगृहे एकाच वेळी वाढत होती, त्या शहराचे आपण पूर्णपणे व्हावे, ही आकांक्षा त्या नावबदलात दिसते. बुडापेस्टमध्ये आणि नंतर जिनिव्हात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, पण त्याचे मन वकिलीत कधीच नव्हते. तो वृत्तपत्रात शिरला, रोजच्या रोज लिहू लागला आणि शहरातल्या नाना थरांच्या माणसांचे बोलणे कानांत साठवू लागला.

त्याचे खरे शिक्षण दोन ठिकाणी झाले, असे मी मानतो. एक म्हणजे कॉफीगृह. बुडापेस्टचे प्रसिद्ध ‘न्यूयॉर्क’ कॉफीगृह कधीच बंद होऊ नये म्हणून मोल्नारने त्याची किल्ली डॅन्यूब नदीत फेकली, अशी एक दंतकथा आवडीने सांगितली जाते. हे कॉफीगृह 1894 मध्ये उघडले, म्हणजे त्या वेळी मोल्नार सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता, हे लक्षात घेतले की कथेची किंमत कळते. तरीही त्याचे लेखन कॉफीगृहाच्या टेबलावर झाले आणि त्याचे संवाद तिथल्या गप्पांच्या लयीवर घडले, एवढा सत्यांश त्या दंतकथेत आहे. दुसरे ठिकाण म्हणजे 1896 मध्ये उघडलेले ‘वीगसीनहाझ’ हे नाटकगृह. राष्ट्रीय रंगभूमीच्या भारदस्त शैलीपासून दूर राहून इथे आधुनिक, चटपटीत, मध्यमवर्गीय प्रेक्षकांची नाटके होत. मोल्नारने इथल्यासाठी अनेक फ्रेंच नाटकांची हंगेरियन भाषांतरे केली. नाट्यलेखन शिकू इच्छिणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. दुसऱ्याचे नाटक ओळीओळीने आपल्या भाषेत आणताना पात्राचा प्रवेश नेमका कुठे व्हावा, प्रेक्षकाला कोणती माहिती आधी द्यावी आणि कोणती राखून ठेवावी, हे जसे हाताला कळते तसे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

1901 मध्ये त्याची ‘भुकेले शहर’ ही कादंबरी आली. पैशामागे धावणाऱ्या बुडापेस्टचे ते कठोर चित्रण होते. 1902 मध्ये ‘वकीलसाहेब’ हे पहिले नाटक वीगसीनहाझमध्ये झाले. त्याचे नाव देशाबाहेर नेले ते 1907 च्या ‘सैतान’ या नाटकाने. जुन्या प्रेमात अडकलेला चित्रकार आणि आता दुसऱ्याची पत्नी झालेली स्त्री यांच्यामध्ये सैतान एका सभ्य, हजरजबाबी गृहस्थाच्या रूपाने येतो आणि त्या दोघांना जे कबूल करायचे धाडस होत नाही तेच त्यांच्या तोंडून वदवून घेतो. न्यूयॉर्कमध्ये 1908 साली या नाटकाचे दोन प्रतिस्पर्धी प्रयोग एकाच दिवशी सुरू झाले, इतकी त्याला मागणी होती. आज ते नाटक मला थोडे जुनाट वाटते, कारण त्यातला सैतान फारच चतुर आहे आणि बाकीची माणसे त्याच्यासमोर फिकी पडतात.

त्या दरम्यान मोल्नारने जे पुस्तक लिहिले, त्याच्याबद्दल मला जरा थांबून लिहायचे आहे. 1906 मध्ये त्याच्या एका जुन्या शिक्षकाच्या विनंतीवरून त्याने विद्यार्थ्यांच्या नियतकालिकासाठी एक कादंबरी क्रमशः लिहिली. तिचे नाव ‘पाल रस्त्यावरची मुले’, आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. बुडापेस्टच्या योझेफवारोश भागात इमारतींच्या मध्ये एक मोकळा भूखंड आहे. मुले त्याला ‘ग्रुंड’ म्हणतात आणि तोच त्यांचा देश, किल्ला, सगळे काही आहे. वनस्पती उद्यानात अड्डा असलेली ‘लाल सदरेवाले’ मुलांची टोळी तो बळकावू पाहते. यानोश बोका (हे हंगेरियन आडनाव आहे, त्याचा मराठी अर्थ इथे विसरावा) हा पाल रस्त्याच्या मुलांचा सेनापती. या सेनेत सगळेच अधिकारी आहेत, फक्त एकच साधा शिपाई आहे, तो म्हणजे शिंप्याचा किडकिडीत मुलगा एर्नो नेमेचेक. सगळ्यांचे हुकूम त्यानेच पाळायचे. शत्रूच्या गोटात हेरगिरीला गेलेला नेमेचेक पुन्हा पुन्हा थंड पाण्यात भिजतो आणि आजारी पडतो, आणि तरी अखेरच्या लढाईत तापाने फणफणलेल्या अंगाने अंथरुणातून उठून येतो आणि शत्रूच्या बलदंड म्होरक्याला खाली पाडतो.

मुलांचे एक मंडळही आहे. खिडक्यांच्या काचा बसवायला वापरतात ती लांबी (पुट्टी) गोळा करायची आणि ती वाळू नये म्हणून चघळत राहायची, एवढेच त्याचे काम. या मंडळाने गैरसमजातून नेमेचेकला विश्वासघातकी ठरवून त्याचे नाव वहीत लहान अक्षरांत लिहिलेले असते. विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहिण्याची रीत असलेल्या लिपीत ही मोठी बेअब्रू आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे मराठी वाचकाला ती क्षणभर समजून घ्यावी लागते, पण यादीतून नाव वगळले गेल्याचे दुःख आपल्याला अनोळखी नाही. मरणासन्न नेमेचेकला लढाईतल्या विजयापेक्षा त्या लहान अक्षरांचीच जास्त बोचणी असते. मंडळाचे सभासद माफीचा कागद घेऊन येतात, पण तो त्याच्या हाती पडत नाही. आणि याच वेळी, शेजारी मुलगा शेवटचे श्वास घेत असताना, एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला येते आणि बापाला माप घ्यावेच लागते, कारण त्या कोटाच्या मजुरीतूनच शवपेटीचे पैसे यायचे आहेत. बापाचे दुःख सांगण्यासाठी मोल्नार त्याला एकही मोठे वाक्य देत नाही, तो त्याच्या हाती सुई देतो. शेवटी बोकाला कळते की त्या भूखंडावर इमारत उभी राहणार आहे. ज्या जमिनीसाठी नेमेचेक गेला, ती जमीन मुलांची कधी नव्हतीच. हंगेरीत हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळेत वाचले जाते, पोलंड आणि इटलीतही ते अतिशय प्रिय आहे, आणि झोल्तान फाब्री याने 1969 मध्ये त्यावर केलेल्या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. मोल्नारला उथळ म्हणणाऱ्याने शिंप्याचे ते एक पान वाचावे आणि मग बोलावे, असे मी आग्रहाने सांगतो.

आता ‘लिलिओम’. 7 डिसेंबर 1909 रोजी वीगसीनहाझमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि तो पडला. ‘सैतान’च्या लेखकाकडून चमकदार सुखात्मिका पाहायला आलेल्या प्रेक्षकांना नायक नाटकाच्या मध्यावर मरतो आणि पुढचा प्रवेश स्वर्गातल्या कचेरीत घडतो, हे पचले नाही. नाटकाला मोल्नारने ‘सात दृश्यांतली उपनगरी आख्यायिका’ असे म्हटले आहे. लिलिओम हा शहराच्या बागेतल्या जत्रेत लाकडी घोड्यांच्या फिरत्या पाळण्यासमोर ओरडून गिऱ्हाईक जमवणारा, देखणा, भांडखोर तरुण. मोलकरीण यूलिका त्याच्यासाठी आपली नोकरी गमावते आणि तिच्यामुळे त्याचीही जाते. दोघे एका फोटोवाल्या मावशीच्या आसऱ्याला राहतात. काम नसल्याच्या लाजेने तो तिच्यावर हात उगारतो. ती गरोदर आहे हे कळल्यावर एका सोबत्याच्या नादाने तो कारखान्याच्या रोखपालाला लुटायला तयार होतो. लुटीच्या आधी वाट पाहताना तो सोबत्याबरोबर पत्ते खेळतो आणि अजून हाती न आलेल्या पैशांतला आपला वाटा आधीच हरतो. आणि रोखपाल येतो तेव्हा त्याच्याजवळ पैसेच नसतात, कारण तो ते आधीच पोहोचवून परतत असतो. पकडले जाण्यापेक्षा लिलिओम स्वतःच्या छातीत सुरी खुपसतो.

दिग्दर्शक म्हणून मला या नाटकातले दोन प्रवेश फार मोलाचे वाटतात. पहिला बागेतल्या बाकावरचा. अकेशियाच्या झाडांची फुले गळत असतात, लिलिओम आणि यूलिका बसलेले असतात, आणि पूर्ण प्रवेशात प्रेमाचा एक शब्द कोणी उच्चारत नाही. बोलणे चालते ते पैशांविषयी, नोकरीविषयी, तो आधी किती मुलींशी कसा वागला याविषयी. नट जर या ओळींत प्रेम ‘दाखवायला’ गेले तर प्रवेश कोसळतो. ओळी कोरड्या ठेवल्या आणि दोघांच्या मधले अंतर तेवढे हळूहळू कमी केले, तर प्रेक्षकांचा श्वास अडकतो, हे मी तालमीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दुसरा प्रवेश मृत्यूनंतरचा. लिलिओम गेल्यावरच यूलिका त्याला सांगते की तिचे त्याच्यावर प्रेम होते, कारण तो जिवंत असताना तिला ते बोलायची लाज वाटत असे. तोही मरताना माफी मागत नाही, फक्त आपण असे का वागलो याचा हिशेब देऊ पाहतो. दोघांचेही प्रेम एकमेकांपर्यंत पोहोचते ते एक जण ऐकू शकत नसताना.

स्वर्गाचे चित्रण मोल्नारने पोलीस चौकीसारखे केले आहे, कारण लिलिओमला अधिकार ओळखीचा आहे तो चौकीतूनच. सोळा वर्षांच्या शिक्षेनंतर त्याला एका दिवसासाठी पृथ्वीवर पाठवले जाते. तो वाटेत चोरलेला तारा मुलीसाठी आणतो, ती घाबरून नकार देते आणि तो तिच्या हातावर चापट मारतो. मुलगी आईला विचारते की, कोणी मारले आणि तरी दुखलेच नाही, असे होऊ शकते का, आणि आई होकार देते. हा शेवट आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो आणि करायलाच हवा. मोल्नारने 1906 मध्ये आपल्या संपादकाची मुलगी, चित्रकार आणि पत्रकार मार्गित वेसी हिच्याशी लग्न केले होते, त्यांना एक मुलगी झाली आणि 1910 मध्ये घटस्फोट झाला. या संसारात त्याने पत्नीवर हात उगारल्याचे आणि ‘लिलिओम’ हे एका परीने तिची मागितलेली माफी असल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. माझ्या मते यूलिकाचे उत्तर हे तिचे उत्तर म्हणूनच सादर करावे, नाटकाचा निकाल म्हणून नव्हे. एका बाईने सोळा वर्षे उराशी धरलेली ती समजूत आहे. ती खरी आहे की तिने जगण्यासाठी रचलेली आहे, हे ठरवण्याचे काम प्रेक्षकाचे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर बुडापेस्टच्या प्रेक्षकांनी हे नाटक उचलून धरले. 1921 मध्ये न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेने ते योझेफ शिल्डक्राउट आणि इव्हा ल गॅलियन यांना घेऊन केले आणि मोल्नारचे नाव जगभर झाले. इटालियन संगीतकार पुच्चिनीने त्याची ऑपेरा करण्याची परवानगी मागितली आणि मोल्नारने ती नाकारली, कारण लोक मग ते पुच्चिनीचे म्हणून ओळखतील, असे सांगितले जाते. पुढे अमेरिकेत निर्वासित असताना मात्र त्याने रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतिकाकारांच्या जोडीला होकार दिला. 19 एप्रिल 1945 रोजी ब्रॉडवेवर आलेल्या ‘कॅरोसेल’ या संगीतिकेचे 890 प्रयोग झाले. लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर हजारो लोक जे गाणे एकसुरात गातात, ते मूळ याच संगीतिकेतले आहे. संगीतिकेने कथा अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर नेली आणि शेवटी सांत्वन दिले. मूळ नाटकात ते सांत्वन नाही, आणि म्हणून मला मूळ नाटक अधिक प्रामाणिक वाटते.

1910 च्या ‘रक्षक अधिकारी’ या सुखात्मिकेत एका नटाला संशय येतो की लग्नाला जेमतेम सहा महिने झालेली आपली नटी पत्नी आपल्याला कंटाळली आहे. तो सैनिकी अधिकाऱ्याचे सोंग घेऊन तिलाच वश करू पाहतो. जिंकला तर नवरा म्हणून हरतो, हरला तर नट म्हणून. शेवटी पत्नी म्हणते की मी पहिल्यापासून ओळखले होते, आणि ती खरे बोलते की नाही हे नवऱ्याला कळत नाही, प्रेक्षकालाही नाही. आल्फ्रेड लंट आणि लिन फॉन्टॅन या खऱ्याखुऱ्या दांपत्याने 1924 मध्ये न्यूयॉर्कला हे नाटक केले. त्या काळात मोल्नारचे स्वतःचे आयुष्य सुरळीत नव्हते, 1911 मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्नही केला होता. त्याच्या हसऱ्या नाटकांच्या तळाशी असलेला मत्सर उसना नव्हता, हे त्यावरून कळते.

महायुद्धात तो युद्धवार्ताहर म्हणून पूर्व युरोपातल्या गॅलिशियाच्या आघाडीवर गेला आणि 1916 मध्ये त्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. 1922 मध्ये त्याने संगीतिकांची लोकप्रिय नायिका शारी फेदाक हिच्याशी लग्न केले. ते लवकरच मोडले आणि त्यानंतर अभिनेत्री लिली दारवाश त्याची पत्नी झाली. 1920 ते 1930 हे दशक त्याच्या सर्वाधिक यशाचे. ‘हंस’मध्ये राजकन्या, राजपुत्र आणि शिक्षक यांचा त्रिकोण आहे. पाण्यावर डौलाने तरंगणारा हंस किनाऱ्यावर आला की फेंगडा चालतो, ही त्यातली प्रतिमा आहे. 1956 मध्ये अभिनेत्री ग्रेस केलीने या नाटकावरच्या चित्रपटात राजकन्येची भूमिका केली आणि त्याच वर्षी ती खरोखर मोनॅकोच्या राजपुत्राशी विवाहबद्ध झाली. 1929 च्या ‘एक, दोन, तीन’मध्ये एक बँकर सुमारे तासाभरात एका समाजवादी टॅक्सीचालकाचे प्रतिष्ठित जावयात रूपांतर करतो. दिग्दर्शक बिली वाइल्डरने 1961 मधल्या आपल्या चित्रपटात ती गोष्ट शीतयुद्धातल्या बर्लिनला नेली.

तंत्राच्या दृष्टीने मला सर्वांत जास्त शिकवणारे नाटक 1926 चे ‘वाड्यातला खेळ’ हे आहे. इंग्रजीत विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसने त्याचे रूपांतर केले. पडदा उघडतो तेव्हा नाटककार तुराई आपल्या सोबत्यांशी नाटकाची सुरुवात करणे किती अवघड असते याविषयीच बोलत असतो, आणि त्या चर्चेतच प्रेक्षकाला पात्रांची ओळख होऊन जाते. त्यांच्यातल्या तरुण संगीतकाराला शेजारच्या खोलीतून आपल्या वाग्दत्त वधूचे तिच्या जुन्या प्रियकर नटाबरोबरचे बोलणे ऐकू येते आणि तो कोसळतो. तुराई रात्रभर जागून एक छोटी नाटिका लिहितो आणि तिच्यात ऐकू आलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी बसवतो. सकाळी तालीम होते आणि तरुणाला वाटते की काल ऐकले ती तालीमच होती. हा सगळा विनोद एका दयेच्या कृत्यावर उभा आहे. एका तरुणाचे मन मोडू नये म्हणून एक म्हातारा लेखक आपली सगळी विद्या खोटे रचण्यात घालतो. मी विद्यार्थ्यांना पहिल्या अंकातल्या संवादांची यादी करायला लावतो आणि मग तिसऱ्या अंकात त्यांतले प्रत्येक वाक्य कोणता नवा अर्थ घेऊन परत येते, ते शोधायला सांगतो.

या नाटकाला तुम्ही जीवघेणे गंभीर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मोल्नारची मर्यादाही इथेच दिसते. त्याला युक्ती इतकी सहज सुचत असे की कधीकधी तो युक्तीवरच समाधान मानी, आणि राजकारण, समाजरचना यांचा थेट विचार त्याच्या उत्तरकालीन नाटकांत फारसा येत नाही. श्रीमंत हॉटेलांत राहणाऱ्या लेखकाचे जग त्यांत दिसते. आपले पाच खोल्यांचे घर आहे, फक्त त्या खोल्या वेगवेगळ्या शहरांतल्या हॉटेलांत आहेत, अशा आशयाचे तो म्हणत असे.

ते घरही गेले. जर्मनीत 1933 नंतर ज्यू लेखकांच्या नाटकांना दारे बंद झाली आणि हंगेरीतही 1938 पासून ज्यूविरोधी कायदे आले. मोल्नार त्याआधीच देशाबाहेर पडला होता. 1940 च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि प्लाझा हॉटेलमधल्या एका खोलीत राहू लागला. लिली दारवाश न्यूयॉर्कमध्येच होती, पण दोघे वेगळे राहत. त्याच्या निर्वासित आयुष्यात सोबत होती ती त्याची सचिव आणि सखी वांडा बार्था. 1947 मध्ये तिने आपले जीवन संपवले. त्या आघातातून तो सावरला नाही, आणि 1950 मध्ये प्रसिद्ध झालेले तिच्याविषयीचे आठवणींचे पुस्तक हे त्याचे अखेरच्या काळातले सर्वांत उघडे लेखन आहे. ज्याने आयुष्यभर पात्रांना आडून बोलायला लावले, तो तिथे पहिल्यांदा आडून बोलत नाही. 1 एप्रिल 1952 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

कुठून सुरुवात करावी, असे कोणी विचारले तर ‘पाल रस्त्यावरची मुले’ आधी, मग ‘लिलिओम’, आणि त्यानंतर ‘वाड्यातला खेळ’, असा क्रम मी सांगेन. ‘लिलिओम’ मराठीत आणू पाहणाऱ्याला एक सूचना. त्याची भाषा बुडापेस्टच्या कडेच्या वस्तीतली, जत्रेतली, रांगडी आहे, आणि इंग्रजी भाषांतरात ती बरीच धुतली गेली आहे. पुस्तकी मराठीत केलेला ‘लिलिओम’ उभाच राहणार नाही.

लिली दारवाशविषयी शेवटी लिहायचे राखून ठेवले होते. मोल्नारच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी ती बुडापेस्टला परतली आणि कारोय माक याच्या 1971 च्या ‘प्रेम’ या चित्रपटात तिने अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध आईची भूमिका केली. मुलगा राजकीय कैदी म्हणून तुरुंगात आहे, आणि सून त्या म्हातारीला खोटी पत्रे आणून वाचायला देते, ज्यांत तो अमेरिकेत यशस्वी चित्रपट दिग्दर्शक झालेला असतो. म्हातारी ती पत्रे भिंगातून वाचते आणि प्रत्येक शब्दावर सुखावते. तिला खरे कळले आहे की नाही, हे दारवाश तिच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत येऊ देत नाही.